अळिवाचा लाडू आणि बाळाचा मेंदू

यंदाच्या माघात माझ्या मुलीला मुलगी झाली. दिवस भरायला अजून दीड महिना अवकाश होता. बाळ जेमतेम एक किलो नऊशे ग्रॅम वजनाचे. दोन आठवडे ते काचेच्या पेटीत राहिले आणि मग देवाच्या नि डॉक्टरांच्या कृपेने सुखरूप घरी आले.

बाळ घरी आले आणि आमच्या स्वयंपाकघरात पक्ष पडले. मी देशावरची, पिढ्यान् पिढ्यांची शाकाहारी. बाळंतीण माहेरी आली त्याच दिवशी मी नारळाच्या पाण्यात अळीव भिजत घातले आणि डिंक तळायला घेतला. विहीणबाई मालवणकडच्या. त्या नातीला पाहायला आल्या त्या सल्ला घेऊनच. "अहो, लाडवांनी काय होतंय? तारल्यांचं तिखलं द्या तिला चार दिवस. बाळाचं डोकं माशांनी तयार होतं!" आता माझी मुलगी लग्नानंतरही माशांना शिवलेली नाही. तेव्हा जावईबापूंनी आपली आधुनिक तोड काढली. औषधांच्या दुकानातून त्यांनी दुधात घालून प्यायच्या भुकटीचा एक डबा आणला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'डीएचएयुक्त'. किंमत ऐकून मी गप्प बसले.

पस्तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या मला या तिरंगी सामन्याची मौजच वाटत होती. पण एका रात्री बाळाला थोपटता थोपटता मुलीने हळूच विचारले, "आई, मी मासे खाल्ले नाहीत म्हणून ही लवकर आली का गं?"

"काहीतरीच काय!" असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण जन्मभर मुलींना 'कारण सांगा' म्हणून प्रश्न घालणाऱ्या बाईला हे उत्तर शोभणारे नव्हते. पुढचे काही महिने दुपारी बाळ झोपले की मी चष्मा लावून वाचायला बसे. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आज वाचक-भगिनींपुढे ठेवीत आहे. भगिनींपुढे म्हटले, तरी घरातल्या पुरुषमंडळींनीही ते वाचायला माझी हरकत नाही.

उंदरांच्या शेपट्या

शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांचा असा समज होता की, पोटात जाणारे तेल-तूप म्हणजे शेगडीतला कोळसा. जळावे आणि ऊब द्यावी, एवढेच त्याचे काम. तूप मिळाले नाही, तर शरीर साखरेपासून हवी तेवढी चरबी बनवून घेईल. मग ते खाल्ले काय नि न खाल्ले काय!

या समजाला तडा दिला तो एका जोडप्याने. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड बर यांनी उंदरांना साखर दिली, दुधातले प्रथिन दिले, क्षार दिले, जीवनसत्त्वेही दिली. फक्त स्निग्धांश तेवढा निपटून काढला. काही महिन्यांत उंदरांची वाढ खुंटली. शेपटीवर माशासारखे खवले आले, मूत्रपिंडे बिघडली, माद्यांना पिले होईनात. ही हकीकत त्यांनी १९२९ साली प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी त्यावरचा उतारा सांगितला: लिनोलेइक आम्ल. त्याचे थोडे थेंब रोज मिळाले की उंदीर सुधारत.

हे आम्ल म्हणजे काय, ते आधी सांगते. तेल असो की तूप, त्याचा रेणू ज्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो, त्या साखळ्यांना मेदाम्ले म्हणतात. डॉक्टरमंडळी फॅटी ॲसिड म्हणतात ती हीच. बहुतेक साखळ्या शरीर घरच्या घरी घडवते. पण दोन अशा आहेत की, त्या घडवायचे हत्यारच आपल्यापाशी नाही. त्या अन्नातूनच याव्या लागतात. लिनोलेइक आम्ल ही त्यांतली पहिली. दुसरीची ओळख पटायला आणखी पन्नास वर्षे जायची होती.

मोठ्यांची शिल्लक

उंदरांचे ठीक, पण माणसाचे काय? बर यांच्या प्रयोगशाळेतील विल्यम ब्राऊन या गृहस्थांनी स्वतःवरच प्रयोग करून घेतला. सहा महिने ते जवळजवळ स्निग्धांश नसलेले अन्न खाऊन राहिले. १९३८ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. झाले काय? त्यांची कातडी फुटली नाही की अंगावर खवले आले नाहीत. उलट त्यांची जुनी अर्धशिशी थांबली! रक्तातले लिनोलेइक आम्ल मात्र घटले होते.

यावरून कोणी म्हणेल, माणसाला त्याची गरजच नाही. पण खरी गोष्ट अशी की, मोठ्या माणसाच्या अंगावरची चरबी म्हणजे बँकेतली शिल्लक. सहा महिने पगार झाला नाही तरी संसार चालतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाजवळ ही शिल्लक कुठून असणार? त्यातून ते दिवस भरण्याआधी आले असेल तर पासबुक कोरेच.

ब्राऊन यांच्या प्रयोगात डॉ. आरिल्ड हॅन्सन हे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी पुढे टेक्सासमध्ये ४२८ तान्ह्या बाळांचा अभ्यास केला. तो १९६३ साली प्रसिद्ध झाला. बाळांना निरनिराळ्या स्निग्धांशाची दुधे दिली होती. साय काढलेल्या दुधात साखर घालून वाढवलेल्या बाळांची कातडी कोरडी पडली, जाड झाली, सोलवटू लागली. लिनोलेइक आम्ल मिळताच ती सुधारली. आईच्या दुधात हे आम्ल गाईच्या दुधाच्या कितीतरी पट असते, हेही तेव्हा ध्यानात घेतले गेले. बाळाच्या डब्याच्या दुधात वनस्पतींची तेले घालतात, त्याचे मूळ या संशोधनात आहे.

करडईचे तेल आणि सहा वर्षांची मुलगी

आता दुसऱ्या साखळीची गोष्ट. ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

अमेरिकेत एका सहा वर्षांच्या मुलीच्या पोटात बंदुकीची गोळी लागली. आतड्याचा मोठा भाग काढावा लागला. अन्न पचवायला आतडेच उरले नाही, म्हणून सलाईनसारखे सारे अन्न शिरेतून द्यायचे. त्यात स्निग्धांश म्हणून करडईचे तेल होते. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात घरोघर वापरले जाई, तेच. त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर. म्हणजे बर पतिपत्नींच्या हिशेबाने काही उणे नव्हते. पण काही महिन्यांनी मुलीच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. पाय दुखत, अशक्तपणा येई. चालता येईना, नजर अंधूक झाली. करडईऐवजी सोयाबीनच्या तेलाचे मिश्रण सुरू केले आणि ही सर्व लक्षणे नाहीशी झाली!

१९८२ साली ही हकीकत प्रसिद्ध करणारे राल्फ होल्मन हे जॉर्ज बर यांचेच विद्यार्थी. सोयाबीनच्या तेलात जे होते आणि करडईच्या तेलात जवळजवळ नव्हते, ते अल्फा-लिनोलेनिक आम्ल. नावात एका अक्षराचा फरक, पण कुळे वेगळी. लिनोलेइकच्या कुळाला ओमेगा-सहा म्हणतात, लिनोलेनिकच्या कुळाला ओमेगा-तीन. पहिल्याच्या अभावी कातडी बिघडते, तर दुसऱ्याचा संबंध नसांशी आणि नजरेशी.

आपल्या फडताळात पाहाल तर ओमेगा-सहाचा तोटा नाही. करडई, सूर्यफूल, तीळ, शेंगदाणा, सगळीकडे ते आहे. ओमेगा-तीनचे डबे मात्र मोजके. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग त्याचा. अळिवाच्या तेलात सुमारे एक तृतीयांश. शिवाय अक्रोड, सोयाबीन, मोहरी, थोडेसे पालेभाज्यांत. अळिवाचे नाव वाचले आणि मी पुस्तक खाली ठेवून विजयी मुद्रेने स्वयंपाकघराकडे पाहिले. माझी आई, आजी, पणजी बाळंतिणीला नेमकी तीच वस्तू देत आल्या होत्या!

हा विजय फार वेळ टिकला नाही.

मेंदूचे सामान

मेंदूतले पाणी सोडून दिले, तर उरलेल्या भागातला मोठा भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. त्यात आणि डोळ्याच्या पडद्यात ओमेगा-तीन कुळातले एक लांबलचक मेदाम्ल ठासून भरलेले असते. त्याचे पूर्ण नाव डोकोसाहेक्झेनोइक ॲसिड. जीभ अडखळते म्हणून जग त्याला डीएचए म्हणते. जावईबापूंच्या डब्यावरची अक्षरे ती हीच.

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू झपाट्याने वाढतो, आणि त्या काळात बाळ हे डीएचए नाळेवाटे आईकडून ओढून घेत असते: दिवसाला सुमारे पन्नास मिलिग्रॅम, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुढे दोन वर्षांपर्यंत, आधी आईच्या दुधातून आणि मग वरच्या अन्नातून, हा पुरवठा चालू राहायचा असतो. जे बाळ दीड महिना आधी येते, त्याचा तेवढ्या दिवसांचा शिधा बुडतो.

अळिवातल्या लिनोलेनिक आम्लापासून शरीर डीएचए बनवते खरे, पण फार थोडे. स्त्रियांचे शरीर पुरुषांपेक्षा यात अधिक तरबेज असते, हे मात्र निसर्गाचे शहाणपण. तयार डीएचए मिळते ते माशांतून, आणि त्यातही तारली, बांगडा यांसारख्या तेलकट माशांतून. म्हणजे विहीणबाईही बरोबरच! जगातल्या अनेक देशांतील आयांच्या दुधाची तपासणी एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा जपानसारख्या मासेखाऊ देशांत दुधातले डीएचए भरपूर आढळले, आणि जिथे मासे कमी खाल्ले जातात तिथे ते उतरलेले दिसले.

१९९० साली डॉ. रिकार्डो उआई यांनी फार कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची नजर यंत्राने तपासली. आईचे दूध किंवा माशाचे तेल घातलेले दूध मिळालेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा, मक्याचे तेल घातलेले दूध मिळालेल्यांपेक्षा अंधूक उजेडाला चांगला प्रतिसाद देत होता. डीएचए ही नुसती शोभेची वस्तू नाही, हे त्यातून दिसले. २००२ पासून अमेरिकेत डीएचए घातलेले बाळदूध विकले जाऊ लागले. युरोपात २०२० पासून ते घालणे सक्तीचे आहे.

आणखी एक मौज. मासासुद्धा डीएचए स्वतः फारसे बनवीत नाही. ते मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळात तयार होते आणि माशाच्या पोटात जाते. हल्ली ते थेट शेवाळातूनच काढतात, म्हणून शाकाहारी माणसालाही ते घेता येते. हे मी विहीणबाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "मग तुमच्या आमच्यात फरक एका माशाचाच म्हणायचा!"

डब्यावरची अक्षरे

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की डबा आणावा, घोट घोट पाजावा आणि मूल हुशार करून घ्यावे. मलाही वाटले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातील ११,८७५ गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात, २००७ साली, असेच काही दिसले होते: ज्या आयांनी आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाल्ले, त्यांची मुले भाषेच्या बुद्धिमापनात मागे राहण्याचा संभव अधिक. पण मासे खाणाऱ्या घरात शिक्षण, पैसा, इतर खाणे हेही वेगळे असू शकते. हिशेबात या गोष्टी वजा केल्या, तरी मनातली शंका पुरती जात नाही.

ती शंका घालवायचा एकच मार्ग. स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला डीएचएची गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी साध्या तेलाची. कोणाला काय मिळाले, हे प्रयोग संपेपर्यंत कोणालाच कळू द्यायचे नाही. ऑस्ट्रेलियात २,३९९ गरोदर स्त्रियांवर असा प्रयोग झाला. रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए दिले. २०१० साली निकाल लागला: दीड वर्षाच्या मुलांच्या बुद्धीत वा भाषेत दोन्ही गटांत फरक नाही. सातव्या वर्षी पुन्हा पाहिले. बुद्ध्यंकात फरक नाही. आपल्या शेजारी बेळगावात ९५७ गरोदर स्त्रियांवर प्रयोग झाला. त्यांना बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत शेवाळातले ४०० मिलिग्रॅम डीएचए रोज दिले. तिथेही बाळाच्या जन्मवजनात आणि वर्षाच्या वयातल्या बौद्धिक वाढीत फरक आढळला नाही.

मग उआई यांचे म्हणणे खोटे? मुळीच नाही. पुरेसे असेल त्याला जास्त देऊन विशेष लाभ होत नाही. ज्याचा शिधाच बुडाला त्याची गोष्ट वेगळी. २०२२ साली ऑस्ट्रेलियातूनच बातमी आली की, २९ आठवड्यांच्याही आधी जन्मलेल्या बाळांना रुग्णालयात डीएचए दिले, तेव्हा पाचव्या वर्षी त्यांचा बुद्ध्यंक सरासरी साडेतीन अंकांनी अधिक भरला. पण त्याच प्रयोगात त्यांच्या फुप्फुसांच्या तक्रारी किंचित वाढल्यासारख्या दिसल्या होत्या. म्हणून हे डॉक्टरांनी ठरवायचे काम, घरच्यांनी नव्हे. आमची छकुली चौतीसाव्या आठवड्यातली. तिला हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही.

जावईबापूंच्या डब्यामागची बारीक अक्षरेही मी वाचली. साखर ग्रॅममध्ये होती, डीएचए मिलिग्रॅममध्ये.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ प्रश्न. मासे न खाल्ल्याने ती लवकर आली का?

इथे मला टाळाटाळ करता येईना, कारण याबद्दल खरोखरच काहीतरी हाती लागले होते. २०१८ साली सत्तर प्रयोगांचा, सुमारे वीस हजार स्त्रियांचा, एकत्र हिशेब मांडला गेला. ओमेगा-तीन न घेणाऱ्या हजार स्त्रियांपैकी १३४ जणी सदतीस आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या; घेणाऱ्या हजारांपैकी ११९. चौतीस आठवड्यांच्या आतली बाळंतपणे हजारी ४६ वरून २७ वर आली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील साडेपाच हजारांवर गर्भवतींच्या प्रयोगात असा लाभ दिसला नाही. मागाहून बारकाईने पाहता असे दिसले की, ज्यांच्या रक्तात मुळातच ओमेगा-तीन कमी होते, त्यांना उपयोग होत असावा, इतरांना नाही.

मी मुलीला जवळ बसवले आणि कागदावर हे आकडे लिहून दाखवले. म्हटले, "हे बघ, हजारजणींनी गोळी घेतली तर पंधराजणींचे बाळंतपण लांबते. पण गोळी घेऊनही एकशे एकोणीसजणी लवकर बाळंत होतात. आणि न घेणाऱ्यांपैकी आठशे सहासष्टजणींचे दिवस पुरे भरतात. तू त्यांपैकी कोणती, हे जगातल्या कोणत्याही डॉक्टरला सांगता येणार नाही. मग तू तरी कसे ठरवलेस?"

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे 'नाही' असं नाही म्हणत तू."

"नाही म्हणत. पण 'हो' म्हणायचा अधिकारही कोणाला नाही. तुलासुद्धा."

त्या रात्री ती पुष्कळ दिवसांनी शांत झोपली. तिला खोटा धीर दिला असता, तर झोपली असती की नाही कोण जाणे.

ताट

एक गोष्ट मात्र मला स्वतःशी कबूल करावी लागली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने जवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून मातांच्या आहाराचा अभ्यास चालवला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि डॉ. शोभा राव यांच्या या कामातले ७९७ स्त्रियांचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. बाळांचे वजन सरासरी पावणेतीन किलोंच्याही आत. पण अठराव्या आठवड्याच्या सुमारास ज्यांच्या पोटात दूध आणि स्निग्धांश अधिक गेला, अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास पालेभाज्या नि फळे अधिक गेली, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. यात महागडे काहीच नव्हते. ताटात काय पडले, एवढाच प्रश्न.

आणि आमच्याकडे ताटाची रीत काय? मी गरोदर होते तेव्हा, 'फार तूप खाऊ नको, बाळ मोठे होईल आणि अडशील' असे मला सांगितले गेले. मी ते ऐकले. सगळ्यांची पाने उठली की उरलेल्या भाजीवर मी जेवत असे. आणि अळिवाचा लाडू? तो बाळ झाल्यावर. गरोदरपणी अळीव उष्ण म्हणून आमच्यात देत नाहीत. म्हणजे बाळ पोटात राहून जेव्हा सर्वांत अधिक मागत होते, ते महिने माझ्या पणजीच्या शहाणपणातूनही सुटलेच होते. मुलगी सातव्या महिन्यात घरी आली होती, तेव्हा मीही तिला शेवटच्याच पंगतीला बसवले होते. माझ्या शेजारी, प्रेमाने!

म्हणून आता आमच्या घरी दोन नियम झाले आहेत. पहिला: पाजणाऱ्या आईचे ताट आधी वाढायचे, आणि त्यावर जवसाची चटणी असायची. दुसरा: गोळी कुठलीही असो, डॉक्टरांना विचारल्याखेरीज नाही. गर्भवती आणि पाजणाऱ्या स्त्रीला दिवसाला किमान २०० मिलिग्रॅम डीएचए मिळावे, असे जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी म्हटले आहे. मुलगी मासे खात नाही, म्हणून आमच्या डॉक्टरीणबाईंनी शेवाळातल्या डीएचएची गोळी लिहून दिली. ती छकुलीला पहिला नंबर मिळावा म्हणून नव्हे, तर शिधा अपुरा पडू नये म्हणून. ज्या घरी मासे चालतात, त्यांना तारल्या-बांगडे आहेतच. फक्त दूध वाढावे म्हणून कोकणात मोरी देतात, तेवढी टाळावी. अशा मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो, आणि तो बाळाच्या मेंदूचा वैरी. हे विहीणबाईंना सांगायला मला थोडा धीर करावा लागला. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग तारल्याच बऱ्या. त्या स्वस्तही."

छकुली आता नऊ महिन्यांची झाली आहे. बसते, रांगते, आणि आजीचा चष्मा ओढते. ती हुशार निघेल की नाही, हे मला ठाऊक नाही, आणि कोणत्याही डब्याला ठाऊक नाही. यंदाच्या दिवाळीला विहीणबाई आमच्याकडेच आहेत. काल फराळाची ताटे वाढताना मी सवयीने पहिले ताट जावयापुढे ठेवायला निघाले, तर त्यांनी माझ्या हातातून ते काढून घेतले आणि माझ्या मुलीपुढे ठेवले. वर एक अळिवाचा लाडूही ठेवला.